बंडीच्या मागे डीएसजी

गाडी आणि गिअर : वाचकांचे प्रश्न

या अंकात निवडलेल्या पत्रांचा विषय एकच आहे: क्लच स्वतःच्या पायाने दाबायचा, की डीएसजीसारख्या (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गिअरबॉक्समध्ये दोन क्लच गाडीच्या हवाली करायचे. पत्रं कापून छोटी केली आहेत, बोली ज्याची त्याची ठेवली आहे.

प्रश्न : फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी १.५ घ्याचं पक्कं आहे. सहा गिअरची मॅन्युअल घेऊ की सात गिअरची डीएसजी, यावर घरात दोन पार्ट्या पडल्या आहेत. गावातून निघून समृद्धीला लागेपर्यंत १४ किलोमीटर बारका रस्ता. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्यावर कापसाच्या बंड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या. हप्त्यातून एकदा नागपूर. पोरगा म्हणतो डीएसजीच फास्ट. गावातला मिस्त्री म्हणतो, फुकट दिली तरी घेऊ नका. कोणाचं ऐकावं?
— एक शेतकरी वाचक, आर्वी तालुका

उत्तर : दोघंही खरं बोलून राहिले, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोरचे रस्ते वेगळे आहेत.

वेगाचा निकाल आधी लावून टाकू. डीएसजीत एका क्लचवर १, ३, ५, ७ हे गिअर असतात आणि दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. तुम्ही तिसऱ्यात गाडी ओढत असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो. बदलाच्या क्षणी एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो, एवढंच. सेकंदाच्या काही शंभराव्या भागांत काम उरकतं आणि चाकांकडे जाणारी ओढ तुटत नाही. पाय कितीही सराईत असला तरी मॅन्युअलला हे जमायचं नाही. एकेरी रस्त्यावर ट्रक मागे टाकताना हा फरक कळतो, मुलगा तिथे बरोबर आहे.

आता बंडी. क्लच पूर्ण जुळलेला आणि इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना ही गाडी पहिल्या गिअरात ताशी साधारण ६ किलोमीटरने चालते. त्याहून हळू जायचं तर क्लच घसरत ठेवण्यावाचून इलाज नाही. भरल्या बंडीचे बैल चालतात ३ ते ४ ने. म्हणजे बंडीमागे जेवढा वेळ रेंगाळाल, तेवढा सगळा वेळ क्लचप्लेट घासत राहणार. व्हर्टसच्या १.५ मधल्या डीएसजीचे (तिचं कारखान्यातलं नाव डीक्यू२००) दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. घासण्याची उष्णता न्यायला बेलहाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या डब्यातली) हवा तेवढी. कापसाचा हंगाम थंडीत येतो हे त्यातल्या त्यात बरं. मे महिन्यात ४५ अंशात, तापल्या डांबरावर, वरातीमागे अर्धा तास सरकणं त्याहून वाईट.

यात नुकसान बंडीपेक्षा ब्रेकवरच्या पायामुळे जास्त होतं. बरेच जण ब्रेकवर पाय अलगद टेकवून गाडी इंच-इंच सरकू देतात. गाडीला वाटतं मालकाला पुढे जायचं आहे, म्हणून ती क्लच अर्धा धरून बसते. ब्रेक ठाम दाबला की क्लच सुटतो आणि घासणं थांबतं. म्हणून बंडीमागे २०-२५ मीटर मोकळे पडेपर्यंत ब्रेक ठाम दाबून उभे राहा, मग वेग ८-१० वर नेऊन पुढे व्हा आणि परत पूर्ण थांबा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक त्याचसाठी आहे. रेंगाळ लांबली तर लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये टाकून पहिला गिअर धरून ठेवा. ‘डी’मध्ये (नेहमीच्या ऑटोमॅटिक मोडमध्ये) गाडी पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करत बसते आणि दर बदलाला दोन्ही क्लच थोडे-थोडे झिजतात. गिअरबॉक्स तापल्याची सूचना पडद्यावर आली तर बाजूला घेऊन ‘पी’मध्ये लावा आणि सूचना जाईपर्यंत हलू नका. ‘घर आलंच आहे’ म्हणून रेटत नेलेले शेवटचे २ किलोमीटर क्लचला सगळ्यात महाग पडतात.

मग मॅन्युअलला हे लागू नाही का? लागू आहे. घासणं तेच, उष्णता तीच. फरक असा की क्लच घसरतोय हे तुमच्या डाव्या पायाला आणि नाकाला लगेच कळतं, आणि क्लच संपला तर दुरुस्ती जिल्ह्याच्या गावी होते. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हा सेट आणला, गिअरबॉक्स उतरवला, प्लेट मधोमध बसवली की झालं. डीएसजीच्या दुहेरी क्लचचं तसं नाही. बसवताना खास हत्यारं लागतात, दोन्ही क्लचचं अंतर मोजून नेमक्या जाडीच्या शिम (पातळ चकत्या) घालाव्या लागतात, आणि शेवटी स्कॅनर लावून बेसिक सेटिंग करावी लागते. ती झाल्याशिवाय नवा क्लचही झटके देतो. हे नीट करणारी जागा तुम्हाला नागपूरलाच शोधावी लागेल. मिस्त्री घाबरवतो आहे ते यासाठी, गाडी वाईट आहे म्हणून नाही.

समृद्धीची काळजी नको. १२० च्या मर्यादेत एकसारखं चालताना क्लच घट्ट जुळलेला असतो आणि झीज जवळपास नसतेच. तिथे गिअरबॉक्सपेक्षा टायरमधली हवा आणि टायरचं वय बघा.

आणखी एक. १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन मीटर, आणि डीक्यू२०० बनवलीच आहे २५० पर्यंतसाठी. भांडं काठोकाठ भरलेलं आहे. मुलाच्या डोक्यात पुढेमागे रिमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) ताकद वाढवायचं असेल, तर डीएसजीचा विषय आत्ताच बंद करा.

आमचं मत: तुमच्या रस्त्याला मॅन्युअल. नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये रोज जायचं असतं किंवा घरात कोणाच्या गुडघ्याला क्लच झेपत नसता, तर मत बदललं असतं. डीएसजीच घ्यायची ठरली तर नवी घ्या, वाढीव वॉरंटी पहिल्या दिवशीच घ्या, आणि वॉरंटी संपण्याआधी गाडी ठेवायची की काढायची हे ठरवा.

प्रश्न : २०१७ ची पोलो जीटी टीएसआय अमरावतीत मिळते आहे. ८५ हजार किलोमीटर झाले, भाव बाजारापेक्षा बराच कमी. मालक म्हणतो डीएसजी ‘एकदम स्मूथ’. काय तपासू?
— दर्यापूर

उत्तर : भाव कमी का आहे, ते आधी तपासा. या गाडीत १.२ टर्बो इंजिनाला तीच कोरडी सात-गिअर डीएसजी आहे.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड मिळालं पाहिजे असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. विकणारा आधीच फेरी मारून ठेवतो, कारण गरम गाडीत बरेच दोष झाकले जातात. सपाट जागी ‘डी’ टाका, ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका. गाडीने दोन-तीन मीटर एकसारखं सरकायला हवं. थरथरत सरकली तर पहिल्या क्लचवर संशय. मग रिव्हर्समध्ये तेच करा. रिव्हर्सला थरथर असेल आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाही झटका असेल, तर दोष दुसऱ्या क्लचकडे, कारण रिव्हर्स आणि दुसरा गिअर एकाच क्लचवर आहेत. मग हळूच एखाद्या चढावर न्या, थांबवा, आणि अगदी कमी ॲक्सिलरेटरवर निघा. ४० मिनिटं फिरवून गाडी चांगली गरम झाली की हे सगळं पुन्हा करा. काही क्लच गरम झाल्यावरच बोलतात.

यानंतर स्कॅनर. स्कॅनरशिवाय ही गाडी घेऊ नका. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये जपून ठेवलेले फॉल्ट कोड वाचून घ्या. पी१७बीएफ हा कोड दिसला तर व्यवहार तिथेच सोडा. त्याचा अर्थ हायड्रॉलिक पंप अतिभारामुळे बंद पडला. यामागे बहुतेक वेळा मेकॅट्रॉनिकमध्ये दाब साठवणाऱ्या टाकीजवळ गेलेला तडा असतो. मेकॅट्रॉनिक म्हणजे डीएसजीचा मेंदू आणि हात एकाच डब्यात. त्यात स्वतःचं वेगळं साधारण १ लिटर तेल असतं. तडा गेला की ते झिरपतं, पंप दाब राखायला सारखा धावतो आणि शेवटी थकतो. गाडी चालता-चालता ओढ सोडते. पूर्ण युनिट बदलायचं बिल लाखाच्या वर जातं, आणि जुन्या पोलोच्या किमतीत हा आकडा फार मोठा. कोड कोणी कालच पुसला नाही ना, हे बघायला स्कॅन झाल्यावर गाडी ३०-४० किलोमीटर फिरवून परत स्कॅन करा.

जाताजाता: कोणी तुम्हाला याहून जुनी, २०१३ च्या आसपासची सात-गिअर डीएसजी देऊ केली, तर तिचं गिअर ऑइल बदललं होतं का विचारा. सिंथेटिक तेलामुळे उष्ण आणि दमट हवेत या गिअरबॉक्समध्ये विजेचे दोष निघाले होते. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करून मिनरल तेल घालायला घेतलं होतं.

मालकाचं ‘एकदम स्मूथ’ मात्र ऐकून सोडून द्या.

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. ३४ हजारात क्लच गेला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणून राहिले की ‘तुमची ड्रायव्हिंग चूक’. मी म्हणतो पार्ट खराब होता. न्याय करा.
— दारव्हा

उत्तर : न्याय उतरवलेल्या क्लचप्लेटवर लिहिलेला असतो. जुने भाग परत मागा, ते तुमचे आहेत.

प्लेटचं अस्तर दोन्ही बाजूंनी सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलेलं, आणि प्रेशर प्लेटवर व फ्लायव्हीलवर (इंजिनामागचं जड चाक) निळे-काळे डाग असतील, तर ती उष्णतेची झीज. तिथे सर्व्हिस सेंटरचं म्हणणं ग्राह्य. अस्तर अजून जाड आहे पण तेलकट, चकचकीत झालंय, तर क्रँकच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट सीलमधून तेल आलंय. तुमचा पाय निर्दोष. अशा वेळी सील न बदलता नवी प्लेट बसवली तर तीही वर्षभरात जाईल. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा तुटलेल्या असतील किंवा झीज एकाच बाजूला असेल, तर पार्टवर किंवा बसवणीवर बोट ठेवता येतं आणि वॉरंटीसाठी लेखी मागणी करा.

सवयीबद्दल तुमच्या पत्रातच एक ओळ आहे: घरासमोरचा ओटा उंच, गाडी रोज रिव्हर्समध्ये चढवता. रिव्हर्स हा पहिल्याइतकाच जड गिअर, वर चढ, वर मागे बघत हळू जायचं, म्हणजे पूर्ण चढ हाफ क्लचवर. दिवसातली ती वीस सेकंदं हायवेच्या शंभर किलोमीटरपेक्षा जास्त प्लेट खातात. ओट्याला लांब उतार करून घ्या किंवा गाडी सरळ तोंडाने वर घ्या. सिमेंटची चार पोती क्लच सेटपेक्षा स्वस्त पडतील.

नवा क्लच बसवताना तीन गोष्टी सोबतच उरकून घ्या, कारण गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी पुन्हा द्यावी लागते. रिलीज बेअरिंग नवंच टाका, जुनं ‘ठीक दिसतंय’ म्हणून परत बसवू देऊ नका. क्लचचं हायड्रॉलिक तेल बदला. बहुतेक गाड्यांत ते ब्रेक ऑइलच्याच डब्यातून येतं आणि दर दोन वर्षांनी बदलायला हवं. आणि गाडीला ड्युअल मास (दोन भागांचं) फ्लायव्हील असेल तर ते हाताने फिरवून ढिलेपणा तपासायला सांगा. नवा क्लच बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर जोरात ओढू नका, ट्रॉली ओढायचं तर नावच नको.

पुढच्या वेळी क्लच संपायच्या आत कळावं म्हणून: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरात २००० आरपीएमवर एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. वेग वाढण्याआधी आरपीएमचा काटाच वर पळाला तर प्लेट घसरते आहे. डाव्या पायाला विश्रांतीची जागा क्लच पेडल नव्हे, त्याच्या डावीकडची पट्टी.

प्रश्न : स्कोडा ऑक्टाव्हिया २.० डिझेल, सहा गिअरची डीएसजी, १ लाख १० हजार झाले. गॅरेजवाला म्हणतो गिअर ऑइल ‘लाइफटाइम’ असतं, हात लावू नका.
— वणी

उत्तर : गॅरेजवाल्याने दुसऱ्या गिअरबॉक्सचं उत्तर तुमच्या गिअरबॉक्सला दिलं. ऑक्टाव्हियात इंजिनानुसार गिअरबॉक्स बदलतो. १.८ टीएसआय पेट्रोलला सात गिअरची कोरडी, तुमच्या डिझेलला सहा गिअरची ओली, डीक्यू२५०. कोरडीच्या तेलाला कंपनीच्या वेळापत्रकात नियमित बदल नाही, पण ओलीत क्लच तेलातच फिरतात आणि त्यांच्या झिजेची पूड त्याच तेलात उतरते. म्हणून दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचाच. तुमची एक वेळ हुकली आहे, दुसरी जवळ आली आहे.

गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे ७ लिटर तेल असतं, पण बदलताना साधारण ५ ते साडेपाच निघतं. तेल डीएसजीचंच हवं, साधं ऑटोमॅटिकचं लाल तेल चालत नाही. फिल्टर वरच्या बाजूला प्लास्टिकच्या झाकणाखाली असतो. त्याची रिंगही नवी टाका. ड्रेन बोल्ट काढला की थोडंच तेल येतं, कारण आत पातळी ठरवणारी एक प्लास्टिकची नळी उभी असते. ॲलन की लावून ती काढली की खरं तेल उतरतं. ती परत बसवताना नुसती हाताने घट्ट करायची, जोर लावला तर तुटते. नवं तेल त्याच भोकातून, खालून वर, अडॅप्टरने चढवायचं.

आणि आता आपल्याकडची अडचण. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्सचं तेल ३५ ते ४५ अंशांत असताना. तापमान स्कॅनरवर बघायचं, बोटाने नाही. तेल त्या टप्प्यात असताना नळीतून जास्तीचं वाहून जातं, धार थेंबांवर आली की बोल्ट लावायचा. वणीत मे महिन्याच्या दुपारी गाडी सुरू होण्याआधीच तेल ४५ ला टेकलेलं असतं. गरम तेल फुगतं, जास्त वाहून जातं, आणि गिअरबॉक्स कमी तेलावर चालत राहतो. काही दिवसांनी झटके सुरू होतात आणि नाव नव्या तेलाचं खराब होतं. उन्हाळ्यात हे काम करायचंच असेल तर गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून पहाटे करा. नाही तर सरळ जुलैत.

प्रश्न : आमच्या गावात सगळेच ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. अल्ट्रोज डीसीए, व्हर्टस १.० ऑटोमॅटिक आणि एएमटी यांत डबल क्लच कोणती?
— पवनी

उत्तर : तिघींत फक्त अल्ट्रोज डीसीए. २०२२ मध्ये आली, सहा गिअर, आणि तिचे क्लच तेलातले. व्हर्टस १.० टीएसआयची सहा-गिअर ऑटोमॅटिक ही टॉर्क कन्व्हर्टर, तिच्यात निघताना प्लेट घासतच नाही, तेल ओढ पोचवतं. बंडीमागे चालायला ती सगळ्यात निवांत. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लच, फक्त पाय-हात मोटारीचे.

प्रश्न : डबल क्लच एवढी फास्ट आहे तर महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये लोक अजून मॅन्युअल का मागतात?
— चिखली

उत्तर : कारण वेळ मोजायला ते गाडी घेत नाहीत. पोर्शने २०१३ मध्ये ९११ जीटी३ फक्त पीडीकेत, म्हणजे त्यांच्या डबल क्लचमध्ये, काढली. ट्रॅकवर ती वेगवान होती यात वाद नव्हता. तरी गिऱ्हाइकांची कुरकुर थांबली नाही, आणि २०१७ च्या जीटी३ त सहा गिअरची मॅन्युअल परत आली. पुढे फोक्सवॅगनने उलटी वाट धरली: २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आली ती फक्त सात-गिअर डीएसजीत. तिची डीएसजी मात्र ओल्या क्लचची आहे, पोलो-व्हर्टसवाली नव्हे. नावात डीएसजी सारखंच असलं तरी आतला माल वेगळा.

प्रश्न : चिखलदऱ्याचा घाट उतरताना डीएसजी न्यूट्रल करून उतरवली तर पेट्रोल वाचते काय?
— परतवाडा

उत्तर : नाही वाचत. गिअरात उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर ठेवायला उलट पेट्रोल जळतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा धरून उतरा.

प्रश्न : डीएसजी वाटेत बंद पडली तर ट्रॅक्टरला साखळीने बांधून आणता येते का? आणि बॅटरी उतरली तर धक्का?
— पांढरकवडा

उत्तर : धक्क्याने डीएसजी सुरू होत नाही. इंजिन बंद असताना क्लच धरायला दाबच नसतो, दहा माणसं लावली तरी चाकं इंजिनाला फिरवणार नाहीत. जंपर केबल डिकीत ठेवा.

ओढायची वेळ आली तर फोक्सवॅगन-स्कोडाच्या डीएसजीला नियम असा: लिव्हर ‘एन’मध्ये, इग्निशन चालू म्हणजे स्टिअरिंग अडकणार नाही, वेग ५० च्या आत आणि अंतर ५० किलोमीटरच्या आत. गिअरबॉक्समध्ये तेल उरलेलं नसेल तर तेवढंही नको, पुढची चाकं उचलून किंवा ट्रकवर चढवूनच न्यायची. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर लिव्हर ‘पी’तून हलत नाही. लिव्हरभोवतीचं कव्हर उचकटलं की आत सोडवणुकीची कळ असते. कुठे आणि कशी, ते गाडीच्या पुस्तकात चित्रासह दिलेलं आहे, तेवढं पान आधी बघून ठेवा. साखळीऐवजी टो-पट्टा वापरा. पुढच्या बंपरमधलं छोटं चौकोनी झाकण काढून त्यात ओढायचा हूक बसतो. तो हूक स्टेपनीजवळच्या हत्यारांत असतो आणि त्याचे आटे उलटे, म्हणजे डावीकडे फिरवून घट्ट होतात. उजवीकडे फिरवत बसलात तर अंधारात अर्धा तास जाईल.